पायातील रक्ताची गुठळी आणि नळीचा उपचार : सही करण्यापूर्वी हे समजून घ्या

एक पाय अचानक सुजतो. पोटरी दगडासारखी ताठ होते, चालताना ओढ लागते, कातडी गरम आणि लालसर-निळसर दिसू लागते. आपल्याकडे याला ‘नस चढली’, ‘वात धरला’ असे म्हणतात आणि तेल लावून पाय चोळायला घेतात. चार-आठ दिवस असेच जातात. सूज मांडीपर्यंत चढली की मग दवाखाना आठवतो. डॉप्लर सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. या आजाराला डीव्हीटी म्हणतात.

पुढच्या काही मिनिटांत नातेवाइकांच्या कानावर दोन गोष्टी पडतात. गुठळी फुफ्फुसात गेली तर जिवाला धोका आहे, ही पहिली. नळी टाकून गुठळी विरघळवता किंवा काढता येते आणि त्याला मोठा खर्च आहे, ही दुसरी. घाबरलेले कुटुंब दागिने गहाण टाकते, व्याजाने पैसे काढते आणि संमतीपत्रावर सही करते. काही रुग्णांना या उपचाराचा खरोखर फायदा होतो. बऱ्याच रुग्णांना मात्र त्याची गरज नसते. आपला रुग्ण यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे विचारता यावे इतकी माहिती प्रत्येक घरात असावी, म्हणून आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत.

खोल शिरेत गुठळी का होते?

हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे धमन्या. वापरलेले रक्त परत वर नेणाऱ्या त्या शिरा. पायातील मुख्य शिरा स्नायूंच्या आत खोलवर असतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. शिरेत ठिकठिकाणी बारीक झडपा असतात, त्या रक्ताला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. कातडीखाली वेड्यावाकड्या फुगलेल्या दिसतात त्या व्हेरिकोज व्हेन्स वरवरच्या शिरा आहेत. डीव्हीटी त्यांच्यापेक्षा वेगळा आजार आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचॉ यांच्या कामातून गुठळीमागची जी तीन कारणे पुढे आली, ती आजही डॉक्टरांना शिकवली जातात : रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. मोठे ऑपरेशन, पायाला प्लास्टर, दीर्घ आजारात अंथरुणाला खिळणे, गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, कॅन्सर, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी झालेली गुठळी आणि घरातील आनुवंशिकता यांमुळे धोका वाढतो.

डीव्हीटी डाव्या पायात जास्त आढळते. ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. काही जणांमध्ये या धमनीने शीर मणक्याच्या हाडावर दाबली जाते. १९५७ साली मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी याचे वर्णन केले, म्हणून या स्थितीला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. नळीच्या उपचारात पुढे हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

विदर्भात हत्तीरोगही आढळत असल्याने सुजलेला पाय पाहून ‘हत्तीपाय असेल’ असा समज होतो. फरक लक्षात ठेवा. हत्तीपायाची सूज साधारणपणे महिनोन्‌महिने हळूहळू वाढते. डीव्हीटीची सूज काही तासांत किंवा काही दिवसांत येते आणि बहुधा एकाच पायाला असते. अशा पायाची मालिश करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दोन धोके, दोन वेगळ्या वेळा

पहिला धोका ताबडतोबीचा असतो. गुठळीचा तुकडा सुटून रक्तासोबत हृदयात आणि तेथून फुफ्फुसात जाऊन अडकतो. अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत दुखते, खोकल्यातून रक्त येते, चक्कर येऊन माणूस कोसळतो. यातून मृत्यू येऊ शकतो. ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका सावकाश येतो आणि त्याची चर्चा कमी होते. गुठळीमुळे शिरेच्या आतल्या झडपा खराब होतात, शीर आतून अरुंद होते. पुढची अनेक वर्षे पाय जड राहतो, संध्याकाळी सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि काही जणांना तेथे जखम होते. ही जखम महिनोन्‌महिने भरत नाही. या जुनाट विकाराला पोस्ट-थ्रॉम्बोटिक सिंड्रोम म्हणतात. डीव्हीटी झालेल्यांपैकी २० ते ५० टक्के रुग्णांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो, तर जखमेपर्यंत जाणारा तीव्र प्रकार सुमारे ५ ते १० टक्क्यांमध्ये दिसतो. दिवसभर उभे राहून भाजी विकणारी बाई, बांधकामावरचा मजूर, सफाई कामगार यांच्यासाठी असा पाय म्हणजे बुडालेली मजुरी असते.

हे दोन धोके वेगवेगळे ठेवून पाहिले की पुढचा सगळा वाद समजतो. पहिला धोका प्रामुख्याने औषधांनी टाळला जातो. नळीचा उपचार मुख्यतः दुसऱ्या धोक्यासाठी पुढे आला.

मूळ उपचार : रक्त पातळ करणारी औषधे

‘रक्त पातळ करणारी’ हे नाव थोडे फसवे आहे. या औषधांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. रक्त गोठवणाऱ्या साखळीतील एखादी कडी ती रोखतात. त्यामुळे गुठळी वाढत नाही, नवी तयार होत नाही आणि दरम्यान शरीर स्वतःच जुनी गुठळी आठवड्या-महिन्यांत जमेल तितकी विरघळवते.

हेपॅरिन आणि त्याचे कमी वजनाचे प्रकार इंजेक्शनने देतात. वॉरफॅरिनची गोळी स्वस्त आहे, पण तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि तो आकडा सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. रिव्हारॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. गर्भवती स्त्रीला यांपैकी गोळ्या देणे टाळतात, तिच्यासाठी कमी वजनाच्या हेपॅरिनचे इंजेक्शन वापरतात. औषध किमान तीन महिने घ्यावे लागते, काहींना त्याहून जास्त. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन या औषधांची जागा घेऊ शकत नाही.

डीव्हीटीच्या बहुसंख्य रुग्णांसाठी हाच पूर्ण उपचार आहे. केवळ गोळ्या देऊन घरी पाठवले म्हणजे डॉक्टरांनी दुर्लक्ष केले, असे समजू नये.

नळीचा उपचार नेमका कसा होतो?

पूर्वी गुठळी विरघळवणारे औषध हाताच्या शिरेतून संपूर्ण शरीरात सोडले जाई. गुठळी विरघळे, पण मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मोठा होता. त्यातून कल्पना निघाली की औषध थेट गुठळीतच सोडावे, म्हणजे मात्रा कमी लागेल.

रुग्णाला बहुधा पालथे झोपवतात. गुडघ्यामागची जागा बधिर करून सोनोग्राफीत पाहत शिरेत सुई घालतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही. सुईतून बारीक तार आणि तारेवरून लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, गुठळीच्या आरपार नेतात. या नळीला बाजूने अनेक बारीक छिद्रे असतात. त्यातून अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज यांसारखे औषध थेंबाथेंबाने गुठळीत झिरपत राहते. हे काम साधारण एक दिवस, कधी दोन दिवस चालते. तोवर रुग्ण अतिदक्षता विभागात किंवा तशाच देखरेखीखाली असतो आणि ठरावीक तासांनी रक्त तपासले जाते. मध्ये एक्स-रेवर रंगद्रव्य सोडून शीर किती मोकळी झाली ते पाहतात.

दुसऱ्या प्रकारात यंत्राची मदत घेतात. काही यंत्रे द्रवाच्या जोरदार फवाऱ्याने गुठळी फोडून ओढून घेतात, काही नुसती शोषून घेतात, तर काही जाळीसारख्या साधनाने गुठळी खरवडून बाहेर काढतात. यात वेळ कमी लागतो आणि विरघळवणारे औषध कमी किंवा अजिबात लागत नाही. ही साधने एकदाच वापरायची असतात, बिल फुगण्याचे ते एक मोठे कारण आहे.

गुठळी निघाल्यावर ओटीपोटातील शीर दबलेली आढळली, म्हणजे वर सांगितलेला मे-थर्नर प्रकार असला, तर फुग्याने ती रुंद करून स्टेंट बसवतात. दाब तसाच राहिला तर तेथे पुन्हा गुठळी होण्याची शक्यता असते.

नळीचा उपचार झाला तरी रक्त पातळ करणारी औषधे चालूच ठेवावी लागतात. पाय हलका वाटला म्हणून गोळ्या बंद केल्या, तर मोकळी झालेली शीर आणि नवा स्टेंट दोन्ही पुन्हा बंद पडू शकतात.

चाचण्या काय सांगतात?

शीर लवकर मोकळी केली तर झडपा वाचतील आणि पुढचा जुनाट विकार टळेल, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण वैद्यकशास्त्रात तर्क पुरत नाही, तो रुग्णांवर तपासून पाहावा लागतो.

नॉर्वेमध्ये कॅव्हेंट ही चाचणी झाली. २०९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त नेहमीची औषधे दिली, दुसऱ्याला त्यासोबत नळीचा उपचार केला. २०१२ साली दोन वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट विकार नेहमीच्या औषधांच्या गटात सुमारे ५६ टक्क्यांना झाला, नळीच्या गटात सुमारे ४१ टक्क्यांना. पाच वर्षांनी हे प्रमाण अनुक्रमे ७१ आणि ४३ टक्के होते. फायदा दिसला. तरीही रुग्णांना त्यांच्या जगण्याच्या गुणवत्तेविषयी विचारले, तेव्हा दोन गटांत ठळक फरक आढळला नाही.

त्यानंतर अमेरिकेत ॲट्रॅक्ट ही बरीच मोठी चाचणी झाली. ५६ केंद्रांतील ६९२ रुग्ण तीत होते आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत जुनाट विकार नळीच्या गटात ४७ टक्के आणि औषधांच्या गटात ४८ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. पहिल्या दहा दिवसांतील मोठा रक्तस्राव मात्र नळीच्या गटात १.७ टक्के आणि औषधांच्या गटात ०.३ टक्के होता. नेदरलँड्समधील कॅव्हा चाचणीत अल्ट्रासाऊंड लहरींची जोड असलेली नळी वापरली. तिथेही एक वर्षानंतर दोन गटांत ठोस फरक सिद्ध झाला नाही.

मग हा उपचार निरुपयोगी आहे का? तसे नाही. ॲट्रॅक्टमध्येच मध्यम ते तीव्र विकार नळीच्या गटात १८ टक्के आणि औषधांच्या गटात २४ टक्के आढळला. ज्यांची गुठळी जांघेच्या वर, ओटीपोटाच्या शिरेपर्यंत पोहोचली होती त्यांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा हा फरक १८ आणि २८ टक्के असा जास्त स्पष्ट झाला. गुठळी किती वर आहे, यावर फायदा अवलंबून आहे, असे यावरून दिसते. गुठळी मांडीपुरती किंवा पोटरीपुरती असेल, तर नळीचा धोका पत्करण्याइतका फायदा हाती लागत नाही.

या चाचण्या विरघळवणाऱ्या औषधावर आधारलेल्या पद्धतींच्या होत्या. त्यांचे आकडे केवळ शोषणाऱ्या किंवा खरवडणाऱ्या यंत्रांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. कोणी जाहिरातीत यांतील एखादाच आकडा दाखवत असेल, तर तो कोणत्या रुग्णांचा आणि कोणत्या पद्धतीचा, हे विचारायला हवे.

कोणाला द्यावा, कोणाला नको?

ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार पुढील सर्व अटी पूर्ण होत असतील तर नळीने औषध सोडण्याचा विचार करावा : गुठळी जांघ आणि ओटीपोटाच्या शिरेत असावी, लक्षणे सुरू होऊन १४ दिवसांपेक्षा कमी काळ झालेला असावा, रुग्ण एरवी चालता-फिरता असावा, इतर आजारामुळे आयुष्य वर्षभराहून कमी उरलेले नसावे आणि रक्तस्रावाचा धोका कमी असावा. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटोलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनातही बहुतेक रुग्णांना केवळ रक्त पातळ करणारी औषधेच सुचवली आहेत.

१४ दिवसांची अट का? गुठळी ताजी असते तेव्हा मऊ असते. जुनी झाली की ती शिरेच्या भिंतीला चिकटते, तंतुमय होते आणि औषधाला दाद देत नाही. तेल चोळण्यात आठ-दहा दिवस घालवले, तर ज्याला हा उपचार खरोखर उपयोगी पडला असता, त्याच्याही हातून ती वेळ निघून जाते.

एका परिस्थितीत मात्र थांबायला वेळच नसतो. गुठळी इतकी प्रचंड असते की पायातून रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही. पाय टम्म फुगतो, निळा-जांभळा पडतो, असह्य दुखतो आणि पुढे धमनीतील पुरवठाही बंद पडू लागतो. येथे पाय आणि जीव दोन्ही धोक्यात असतात आणि गुठळी तातडीने काढण्याचा निर्णय योग्य ठरतो.

नुकतेच मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेले, अलीकडे मेंदूचा झटका किंवा डोक्याला मार बसलेला, पोटातील व्रणातून रक्त गेलेले, प्लेटलेट फार कमी असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले रुग्ण यांना विरघळवणारे औषध धोक्याचे असते. गरोदरपणातही ते शक्यतो टाळतात. फवाऱ्याच्या यंत्राने लाल रक्तपेशी फुटून लघवी लाल होऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधीच सांगावा.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत सिकलसेल नवा नाही. सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस व्यक्तीमध्ये खोल शिरेत आणि फुफ्फुसात गुठळी होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो. गर्भारपणात तो आणखी वाढतो. या घरांत एक घोळ होण्याची शक्यता असते. सिकलसेलच्या वेदनेची इतकी सवय झालेली असते की पाय दुखला की ‘क्रायसिस आला’ असे म्हणून नेहमीच्या गोळ्या आणि सलाइनवर वेळ काढला जातो. दोन्ही पायांच्या हाडांत दुखणे आणि एकाच पायाला सूज येऊन दुखणे यांत फरक आहे. एकच पाय सुजला असेल तर डॉप्लर करण्याची मागणी करावी. छातीत दुखून दम लागला, तर तो ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम असू शकतो, तशीच फुफ्फुसातील गुठळीही असू शकते. दोन्हींत रुग्णालय गाठणे अटळ आहे.

सिकलसेलमध्ये मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढलेला असतो. म्हणून नळीच्या उपचाराचा विचार होत असेल, तर सिकलसेलचे कार्ड दाखवावे, पूर्वी झटका येऊन गेला असल्यास सांगावे आणि रक्तविकारतज्ज्ञाचे मत घ्यावे.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासाठी हे प्रश्न नाहीत. चांगले डॉक्टर त्यांची उत्तरे देतात.

१. गुठळी नेमकी कुठपर्यंत आहे : पोटरी, मांडी की ओटीपोट?
२. लक्षणांना किती दिवस झाले आहेत आणि गुठळी अजून ताजी आहे का?
३. केवळ औषधांवर ठेवले तर काय होईल, आणि नळीने नेमका कोणता फायदा अपेक्षित आहे?
४. आमच्या रुग्णाला रक्तस्रावाचा धोका किती आहे?
५. औषध सोडणार की यंत्राने काढणार? स्टेंट लागला तर त्याचा खर्च वेगळा का?
६. नंतर कोणती गोळी, किती महिने, आणि तपासणी कधी?

पाय धोक्यात नसेल तर निर्णय त्याच तासात घ्यावा लागत नाही. रक्त पातळ करणारे औषध लगेच सुरू करून दुसऱ्या व्हॅस्क्युलर सर्जन किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे मत घेता येते. डॉप्लरचा रिपोर्ट आणि केसपेपरची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. सांगितलेला उपचार योजनेच्या यादीत आहे का आणि त्या रुग्णालयाला त्यासाठी मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी त्यांना विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

घरी आल्यावर गोळीची वेळ चुकवू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला सुरुवात करावी, बसताना पाय उंच ठेवावा. घट्ट मोज्यांनी सूज आणि जडपणा कमी वाटतो, पण जुनाट विकार त्यांनी टळतो असे २०१४ च्या सॉक्स या मोठ्या चाचणीत आढळले नाही, त्यामुळे मोज्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये. दात काढायचा असो की दुसरे ऑपरेशन, आपण रक्त पातळ करणारे औषध घेतो हे तेथील डॉक्टरांना आधी सांगावे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांतील अनेक वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो. काळी शौच, लाल लघवी, हिरड्यांतून न थांबणारे रक्त किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असे काही दिसले तर लगेच रुग्णालयात जावे, आणि जाताना औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.